दाजींच्या प्लेअरची वायर

दाजी, तुमच्या प्लेअरची वायर टीव्हीला जोडलेलीच नव्हती.

हे मी तुम्हालाच सांगतोय, याचं मला हसू येतं आणि मग येत नाही. तुम्हाला ते माहीत होतं. वायर काढली तुम्हीच. माहीत नव्हतं ते मला, आणि मी गेलं वर्षभर दर गुरुवारी त्या टीव्हीसमोर बसत होतो. आता विचारावं म्हटलं तर ज्याला विचारायचं तो माणूस नाही. म्हणून लिहायला बसलो. लिहून काढलं की मला सुटसुटीत वाटतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी अजून तरी तसं वाटलेलं नाही.

झालं ते असं. दहावं आळंदीला घाटावर झालं, तेरावं घरी झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. तुमच्या कागदपत्रांचं काम मी करतोच आहे, त्याची काळजी नको. सोमवारी ताईने मला मोशीला बोलावून घेतलं. बाहेरच्या खोलीतल्या तुमच्या डिस्कच्या कपाटाकडे हात केला आणि म्हणाली, "हे तेवढं बघ. काय ठेवायचं, काय काढायचं, तू ठरव. तुला जमतं ते."

जमतं खरं. मी चाकणच्या कंपनीत माल पाठवण्याच्या विभागात आहे. काय आत राहायचं आणि काय गेटबाहेर जायचं हे ठरवण्यातच माझा दिवस जातो. पण ताईचं बोलणं संपलं नव्हतं. "पल्लवी म्हणते, आई, घर भाड्याने दे आणि नाशिकला माझ्याकडे ये. मी म्हटलं, आधी ते कपाट निघू दे, मग बघू." एवढं बोलून ती आत तांदूळ निवडायला गेली. म्हणजे कपाट निघालं की माझी बहीणही त्या घरातून निघणार, आणि ते काम ती माझ्यावर टाकून गेली होती. तिला जायचं होतं की नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळायचं.

मी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. आधी वायरी. कुठलंही यंत्र हलवायचं तर प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावायची, मगच ती काढायची. हे तुम्हीच मला शिकवलंत; भोसरीच्या कंपनीत मेंटेनन्समध्ये घालवलेल्या आयुष्यातून तुम्ही मला एवढंच फुकट दिलं, असं तुम्ही म्हणायचात. टीव्हीच्या वायरीला चिठ्ठी लावली. इंटरनेटच्या डब्याच्या वायरीला लावली. प्लेअरचं बटण दाबून पाहिलं तर हिरवा दिवा लागला, ट्रे बाहेर आला, आत गेला. मग प्लेअरच्या मागून निघालेली चित्राची वायर बोटाने चाचपत टीव्हीच्या मागे गेलो. तिथे ती संपली. टोकाला प्लास्टिकची टोपी होती, पाइपच्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून लावतात तसली. वायर लोंबू नये म्हणून सुतळीने खिळ्याला बांधली होती. गाठ तुमची. आणि टीव्हीच्या खाचेला दुसरंच काहीतरी जोडलेलं होतं. तळहातात मावेल एवढी हार्ड डिस्क, चिकटपट्टीने टीव्हीच्या पाठीला चिकटवलेली.

मी ती माझ्या लॅपटॉपला लावली. गेल्या वर्षभरात आपण पाहिलेले सगळे सिनेमे त्यात होते. इंटरनेटवरून उतरवलेले. एकेक फाइल एवढी मोठी, की तेवढ्या जागेत मी अख्खा महिनाभराचा साठा ठेवतो. आणि दाजी, त्यांची नावं माझ्या पद्धतीने लिहिलेली होती. आधी भाषा, मग वर्ष, मग सिनेमाचं नाव, मध्ये आडवी रेघ. ही पद्धत मी तुम्हाला पहिल्यांदा दाखवली तेव्हा तुम्ही चष्मा वर करून विचारलं होतं, "पाव्हणं, ह्यो सिनेमा हाय का सातबारा?"

मी खाली फरशीवरच बसून राहिलो. आत ताईच्या सुपाचा आवाज येत होता.

आपलं भांडण सुरू कसं झालं ते मला नीट आठवतं. तुम्ही नवा टीव्ही घेतला होता आणि तो भिंतीवर बसवून द्यायला ताईने मला बोलावलं होतं. तोवर मी तुमच्याकडे राखीला आणि भाऊबीजेला यायचो. सांगवीहून चाकणला जाताना रोज मोशी लागते. रोज तुमच्या वळणावरून जात होतो, वळत नव्हतो. त्या दिवशी टीव्ही बसवला आणि मागे वळून कपाट पाहिलं. चिंचवडची सिनेमे भाड्याने देणारी एक लायब्ररी बंद होत होती तेव्हा तुम्ही तिथला माल पोत्यांनी उचलला होता. मग जिथे कुठे दुकान बंद होतंय असं कानावर येईल तिथे जाऊन आणखी आणलात. आधी साध्या डिस्का, नंतर ब्लू-रे. मी म्हटलं, हे सगळं माझ्या एका हार्ड डिस्कमध्ये मावतं आणि ती माझ्या खिशात मावते, मग एवढी भिंत कशाला अडवायची? तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, पुढच्या गुरुवारी घेऊन या तुमचा खिसा, बघू काय निघतं.

गुरुवार, कारण तुमची आणि माझी दोघांचीही सुट्टी गुरुवारची. सगळं जग रविवारी घरी असतं तेव्हा आपण कामावर, आणि आपण घरी असतो तेव्हा ना कुणाचं लग्न असतं ना साखरपुडा. जेवून उठलेल्या माणसाला गुरुवारची दुपार खायला उठते. तुम्ही ती सिनेमाला देऊन टाकलीत.

परीक्षा रीतसर झाली. पाणबुडीचा सिनेमा, आधी माझी फाइल, मग तुमची डिस्क. परीक्षक दोन. एक बाळूआबा, तुमचे चुलतभाऊ, टेम्पोवाले. दुसरे खरात, तुमचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, बीडकडचे, कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपला कामाला, तोंडातून शब्द काढायचा तर जणू कुणाची परवानगी लागते. पाणबुडीतले दिवे जातात तो प्रसंग आला. माझ्या फाइलमध्ये अंधाराचे चौकोन चौकोन झाले, काळ्या रंगाच्या पायऱ्या पडल्या. मग तुमची डिस्क लागली आणि तोच अंधार एकसंध दिसला. तुम्ही उठून टीव्हीपाशी गेलात आणि पडद्यापासून बोटभर अंतरावर हात फिरवून म्हणालात, "ह्यो अंधार बघा. अखंड हाय." बाळूआबा म्हणाले, पाव्हण्यांनी समुद्रात फरशी बसवली. खरात हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला ते लागलं. पुढच्या गुरुवारी मी त्याहून चांगली फाइल घेऊन आलो आणि पुन्हा हरलो. त्याच्या पुढच्याही गुरुवारी आलो. मग केव्हातरी फाइल आणणं थांबलं, येणं थांबलं नाही.

भांडण मात्र चालूच होतं. माझं म्हणणं साधं होतं. डिस्कला पावसाळ्यात बुरशी येते, ओरखडा पडतो, जागा लागते, हवी ती सापडत नाही. फाइलचं यातलं काही होत नाही. तुमचं म्हणणं तुम्ही दर वेळी नव्या बाजूने मांडायचात. एकदा तुम्ही माझ्या इंटरनेटचा विषय काढलात. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की माझी योजना अमर्याद आहे. तुमच्या केबलवाल्यासारखं नाही, की ठरलेला डेटा संपला की वेग बैलगाडीवर येतो. तुम्ही मला फोनवर ती योजना उघडायला लावलीत आणि खालचं बारीक अक्षर मोठ्याने वाचायला लावलंत. तिथे लिहिलं होतं की अमुक इतका वापर झाला की वेग कमी केला जाईल. तुम्हाला झालेला आनंद मी विसरणार नाही. "अमर्याद म्हनायचं आन् खाली हद्द आखायची. आमच्या बांधाला निदान दगूड असतो, चालनाऱ्याला दिसतो."

मी म्हटलं, त्या हद्दीपर्यंत कुणी पोचतच नाही.

"तुमी पोचलाच न्हाई," तुम्ही म्हणालात, "म्हंजे पुरता सिनेमा तुमी कधी उतरवलाच न्हाई."

ते खरं होतं. मला संख्या हवी होती. छोट्या फाइली, पुष्कळ. त्यातल्या किती पाहिल्या ते विचारू नका, तुम्ही विचारलं होतंत एकदा.

तुमची डिस्क लावण्याची रीत डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्या गुरुवारची डिस्क कपाटात अर्धी बाहेर ओढून ठेवलेली असायची. जेवण झालं की तुम्ही हात साबणाने धुवायचात. डिस्क फक्त कडेने धरायची, आरपार उजेडात बघायची, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने मधून बाहेर सरळ रेषेत पुसायची. गोल पुसलं की गेली, असं तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की मी घरी ताटंसुद्धा मधून बाहेर पुसायला लागलो. मग ट्रेमध्ये ठेवायची, ट्रे आत ढकलायचा नाही, बटण दाबायचं. आणि मग मान न वळवता तुम्ही म्हणायचात, "पाव्हणं, पडदे."

पडदे ओढणं माझं काम. खिडकी आपल्या खुर्च्यांच्या मागे, डावीकडचा पडदा कायम अडकणारा. मी तो सोडवून ओढेपर्यंत सिनेमा सुरू झालेला असायचा.

सोमवारी फरशीवर बसल्या बसल्या मला हे उमगलं. मी पडद्याशी असायचो तेव्हा माझी पाठ टीव्हीकडे असायची.

गुहेचा सिनेमा आठवा. बर्फाच्या डोंगरात माणसं अडकतात तो. तेव्हा तुमच्या टीव्हीमागे ती हार्ड डिस्क चिकटलेली होती, आता मला कळतं. गुहेत मशाल विझते आणि नुसता अंधार उरतो. मी पुढे वाकून चौकोन शोधले. नव्हते. मी बऱ्याच दिवसांपासून मनात ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं. "मान्य, दाजी. डिस्कची बातच वेगळी." मला वाटलं, आता तुम्ही हे वाक्य गावजेवण घालून साजरं कराल. तुम्ही कान खाजवलात. बाळूआबांना खोकला आला. खरात पाण्याची मोटर बंद केली का ते बघायला वर गेले. मी आपला समजलो की जिंकलेली माणसं मोठ्या मनाने गप्प बसली आहेत.

माझ्याच पक्षाचा माल मला दाखवून तुम्ही मला हरवलंत, दाजी. आणि जिंकल्यासारखे वागलाही नाहीत. याला मी कुठल्या खान्यात टाकू?

मी ताईला विचारलं. स्वयंपाकघरात जाऊन, वायरीचं टोक हातात धरून विचारलं की ही टीव्हीला लावलेलीच नाही, तुला माहीत होतं का?

"ती वायर वर्षभर तशीच आहे. झाडताना मी बाजूला करते."

"मग बोलली नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल," ताई म्हणाली. "तुला सगळं माहीत असतं."

तिने सूप खाली ठेवलं आणि मग थोडं थोडं सांगितलं. प्लेअरचं आतलं भिंग गेलं होतं. तुम्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो अख्खा उघडलात, स्क्रू ताटलीत काढून ठेवलेत, तिला त्या दिवशी टेबलापाशी येऊ दिलं नाहीत. नंतर पिंपरीच्या बाजारात दुकान दुकान फिरलात. असला माल आता येत नाही काका, असं सगळीकडे ऐकून आलात आणि हातपाय धुऊन जेवायला बसलात. तुमच्या तोंडून "होत नाही" हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो तुम्ही ताईला एकटीला सांगितला असणार.

आणि इंटरनेट. ताई फोनवर मला सारखी म्हणायची, नेट फार हळू झालंय, पल्लवीशी बोलताना तिचा चेहरा अडकून बसतो. मी तिच्यासाठी वेगवेगळ्या योजनांचा तक्ता करून आणला होता, कुठली घ्यावी त्यावर खूण करून. तुम्ही तो घडी घालून खिशात ठेवलात आणि म्हणालात, हाय ते बरं हाय. मला वाटलं, ताई मालिका बघत असेल, त्यात डेटा जात असेल. तो तुम्ही खात होतात. एका गुरुवारचा सिनेमा पुरता उतरवायला तुम्हाला त्या केबलवाल्याच्या वेगावर जवळजवळ आठवडा लागत असणार, आणि महिन्याची हद्द पहिल्या दोन सिनेमांतच संपत असणार. तरी तुम्ही उतरवत राहिलात, बैलगाडीच्या वेगाने. आणि उतरवलेत फक्त तेच, ज्यांची डिस्क तुमच्या कपाटात होती. मी एकेक ताडून पाहिलं. म्हणजे ट्रेमध्ये जी डिस्क जायची तोच सिनेमा पडद्यावर लागायचा. खोटेपणातही तुम्ही मापात राहिलात, आणि त्यामुळे त्याला खोटेपणा म्हणावं का हेच मला कळेनासं झालंय.

मला एक फोन का केला नाहीत? मी चार ठिकाणी विचारून जुना प्लेअर शोधला असता. नाहीतर माझी हार्ड डिस्क आणून दिली असती. मी रोज तुमच्या वळणावरून जातो.

मी कारणं शोधायला बसलो. पहिलं सुचलं ते हे, की तुम्हाला हरायचं नव्हतं. पण तसं असतं तर मी हार मानली त्या दिवशी तुम्ही कान खाजवला नसता. दुसरं हे, की बाळूआबा आणि खरात यांच्यासमोर तुम्हाला शान राखायची होती. पण त्या दोघांना डिस्क काय आणि फाइल काय. एक ताईच्या हातचा चहा प्यायला येतो आणि दुसरा गावाकडच्या घराची आठवण येऊ नये म्हणून. तिसरं कारण मला गाडी चालवताना सुचलं, मोशीच्या चौकात अडकलो होतो तेव्हा. प्लेअर गेला असं तुम्ही मला सांगितलं असतं, तर पुढच्या गुरुवारी मी माझी हार्ड डिस्क आणली असती, टीव्हीला जोडली असती, वापरायची कशी ते तुम्हाला लिहून दिलं असतं आणि काम संपलं म्हणून निघालो असतो. मी तसा माणूस आहे. एखादी गोष्ट पूर्ण झाली की मी तिच्याकडे परत जात नाही. मग राखी आणि भाऊबीज.

हे तुम्हाला माहीत होतं का? हे ठरवून केलंत का? की नुसतं एक गुरुवार निभावून नेला, मग दुसरा, आणि मग सांगायचं राहून गेलं, जसं माणसांचं राहतं? मला खरंच कळत नाही. तिसरं कारण मला आवडतं, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

शिवाय आपलं शेवटचं भांडण अर्धवट आहे. तुम्ही जाण्याच्या आदल्या आठवड्यात फोनवर विचारलं होतंत, जे हातात येत नाही, दिसत नाही, ते माझं हाय असं म्हनायचं कशाच्या जोरावर? मी घाईत होतो, चाकणहून एक गाडी निघायची होती. म्हटलं, गुरुवारी सांगतो. उत्तर मी तयार केलं होतं, चांगलं होतं. पण हे विचारत होतात तेव्हा तुमच्या टीव्हीच्या पाठीला ती हार्ड डिस्क चिकटलेली होती. मग तुम्ही मला हरवायला विचारत होतात, की स्वतःला पडलेला प्रश्न विचारत होतात? ते तयार उत्तर आता मला लहान मुलाचं वाटतं.

आता खरी अडचण ऐका. तेराव्याच्या दिवशी पानं उठल्यावर बाळूआबांनी मला बाजूला घेतलं होतं. "पाव्हणं, गुरुवार बंद करू नका. आमी येतो. पन लावायची ती त्याचीच डिस्क, त्याच्या हातची पुसलेली." खरात शेजारी उभे होते, त्यांनी मान हलवली. मी हो म्हटलं. तेव्हा मला वायरीचं काही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं आणि मी पेचात पडलो. सांगावं तर तुमच्या माघारी तुमची लाज जाते, आणि ती घालवणारा मी, तुमचा मेहुणा. न सांगावं तर मला तुमच्यासारखंच करावं लागणार. आणि सगळं आवरून टाकावं, कपाट भंगारात द्यावं, तर ताई नाशिकला. तीन रस्ते, आणि कुठल्याही गाडीला कुठला रस्ता ते चटकन सांगणारा मी तिथे उभा.

बुधवारी कामावरून येताना मी वळलो. वायरींना लावलेल्या चिठ्ठ्या काढल्या. कपाटाला हात लावला नाही. अर्धी बाहेर ओढलेली डिस्क तशीच होती, तुम्ही काढून ठेवलेली. हार्ड डिस्कमध्ये शेवटी एक सिनेमा आपण न पाहिलेला होता. तोच. उतरवून पूर्ण झालेला. तुमची तयारी झाली होती.

काल गुरुवार. मी जेवायच्या आधीच पोचलो. ताई पोळ्या लाटत होती, तिने लाटणं न थांबवता विचारलं, "कपाटाचं काय ठरवलंस?"

"वेळ लागेल," मी म्हटलं. "एकदम होणार नाही. दर गुरुवारी थोडं थोडं बघतो."

तिने पोळी तव्यावर टाकली. "बघ," म्हणाली. मग पल्लवीचा विषय काढला नाही, आणि मला वाढताना दुसरी पोळी विचारली नाही, सरळ टाकली. तुम्हाला टाकायची तशी.

बाळूआबा आणि खरात आले. तुमची खुर्ची कुणी घेतली नाही. मी हात साबणाने धुतले. डिस्क कडेने धरून उजेडात पाहिली, मधून बाहेर पुसली, ट्रेमध्ये ठेवली, बटण दाबलं. ट्रे आत गेला, हिरवा दिवा लागला. माझा बेत असा होता, की पडदे ओढायला त्या दोघांनाच उठवायचं. दोन पडदे, दोन माणसं, दोन्ही पाठी टीव्हीकडे, तेवढ्यात मी रिमोट दाबून टाकेन. मी म्हटलं, आबा, खरात, पडदे तेवढे ओढता का?

खरात जागचे हलले नाहीत. बाळूआबा म्हणाले, "पडदं पाव्हण्यांचं काम. आजवर दुसऱ्या कुनी वढलेत का?"

मी रिमोट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. शेवटी रिमोट तुमच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि खिडकीकडे गेलो. म्हटलं, ओढून येऊ, मग काहीतरी सांगू, आवाज बिघडलाय, काहीतरी. उजवा पडदा ओढला. डावा अडकला. मी टाचा उंच करून तो सोडवत होतो आणि माझ्या पाठीमागे सिनेमा सुरू झाला.

मी वळलो. रिमोट खुर्चीच्या हातावर नव्हता, खरातांच्या मांडीवर होता. ते टीव्हीकडे बघत होते. बाळूआबा टीव्हीकडे बघत होते. स्वयंपाकघराच्या दारात ताई पदराला हात पुसत उभी होती, तीही टीव्हीकडेच बघत होती. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

"बसा सर," खरात म्हणाले. "लागला."

मी बसलो. म्हणजे वर्षभर हे सगळ्यांना माहीत होतं, माहीत नव्हतं ते खिडकीशी पडदे ओढणाऱ्या मला एकट्याला. त्यांनी ते तुमच्यासाठी सांभाळलं होतं की माझ्यासाठी, आणि आता कुणासाठी सांभाळत होते, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलंही असतं कदाचित. पण मग गुरुवारचं काय राहिलं असतं, मला माहीत नाही.

सिनेमा कोळशाच्या खाणीचा होता. मध्यंतराच्या जरा आधी खाणीतले दिवे जातात. मी सवयीने पुढे वाकलो आणि चौकोन शोधले. एकही नव्हता. सगळा अंधार अखंड होता, तुम्ही हात फिरवून दाखवला होता तसा. ताई केव्हा येऊन बसली होती ते मला कळलं नाही.

"डिस्कची बातच वेगळी," मी म्हटलं.

बाळूआबांना खोकला आला.